भाषांतराचा व्यवसाय आणि तपासणाऱ्याची नजर

आपल्या जामबागेतून सुलतान बाजारकडे पायी निघाले तर दहा मिनिटांत चार-पाच भाषा कानांवर पडतात. फळवाल्याशी आपण तेलुगूत बोलतो, रिक्षावाल्याशी दखनीत, वर्गात इंग्रजीत आणि घरी मराठीत किंवा कन्नडात. एका भाषेतून दुसरीत जाणे ही आपल्याला रोजची गोष्ट आहे, आणि म्हणूनच भाषांतर आपल्याला येतेच अशी आपली समजूत असते. माझीही तशीच होती. वडिलांकडची मराठी, आईकडची कन्नड, दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून आणि आता वाणिज्य शाखेचा अभ्यास इंग्रजीतून. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला भाषांतरकार समजत होते. ती समजूत गेल्या वर्षी एका कागदाने दूर केली. प्रस्तुत लेख त्या कागदामुळेच लिहीत आहे.

माझे मामा बसवकल्याणला राहतात. त्यांच्या मित्राच्या मुलाला दुकानासाठी सहा लाख रुपये कर्ज हवे होते आणि तीन जामीनदारांपैकी एक म्हणून मामांची सही हवी होती. जामिनाचा कागद इंग्रजीत होता. मामांना कन्नड आणि मराठी उत्तम येते, इंग्रजी नाही. कागद माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "बाळ, तू बी.कॉम. करतेस. यात काय लिहिलंय ते मराठीत लिहून दे, म्हणजे मला सही करायला बरं."

मी तासाभरात दोन पाने लिहून काढली. मूळ कागदात एके ठिकाणी तिघे जामीनदार 'जॉइंटली अँड सेव्हरली' जबाबदार राहतील असे शब्द होते. 'जॉइंटली' म्हणजे मिळून, हे कळले. 'सेव्हरली' म्हणजे 'सेव्हरल'चेच काही रूप, म्हणजे 'अनेक जण', असे मी धरले आणि 'मिळून' यातच ते आले असे समजून सोडून दिले. माझे वाक्य झाले : 'तिघे जामीनदार मिळून कर्जास जबाबदार राहतील.' मामांनी लगेच हिशेब केला, सहा लाखांचे तीन भाग, म्हणजे आपल्यावर दोन लाख. "एवढं मी सोसू शकेन," असे म्हणून त्यांनी कागद पिशवीत ठेवला. सही दुसऱ्या दिवशी व्हायची होती.

त्याच दिवशी मी ते भाषांतर आमच्या व्यापारी कायद्याच्या सरांना दाखवले. खरे सांगायचे तर शाबासकी मिळेल म्हणून दाखवले. सरांनी वाचले आणि पहिला प्रश्न विचारला, "हे कोणी तपासले?" मी म्हणाले, "सर, मीच दोनदा वाचले." सर म्हणाले, "दोनदा वाचले की तीच चूक दोनदा दिसत नाही." आणि त्यांनी त्या सोडलेल्या शब्दावर बोट ठेवले.

चूक कोठे झाली?

भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे आणि तो आपल्या अभ्यासक्रमात आहे. त्याच्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. कलम 43 प्रमाणे अनेकांनी मिळून वचन दिले असेल तर धनको त्यांच्यापैकी कोणाही एकाला पूर्ण वचन पाळावयास लावू शकतो. 'सेव्हरली' या शब्दाचा अर्थ हाच : प्रत्येक जण एकटासुद्धा पूर्ण जबाबदार. म्हणजे कर्ज बुडाले तर मामांकडे दोन नव्हे, सहा लाख मागता आले असते, वर व्याज वेगळे. कलम 146 प्रमाणे सहजामीनदारांनी आपापसांत सारखा वाटा उचलायचा असतो हे खरे. पण तो त्यांचा आपापसांतला हिशेब झाला. आधी ज्याच्याकडून वसुली झाली त्याने मग बाकीच्या दोघांच्या मागे फिरायचे.

गंमत अशी की ही तीनही कलमे मी परीक्षेत लिहिली होती. इंग्रजीत लिहिली होती, गुणही मिळाले होते. पण मामांच्या कागदावरचे शब्द आणि पुस्तकातले कलम यांची गाठ माझ्या मनात पडलीच नाही. यावरून पहिला धडा असा की भाषांतराला दोन भाषा पुरत नाहीत, तिसरी गोष्ट लागते, ती म्हणजे विषयाचे ज्ञान. आणि दुसरा धडा त्याहून मोठा : विषयाचे ज्ञान असले तरी लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही. लिहिताना जो अर्थ डोक्यात बसला, तोच वाचताना कागदावर दिसतो. त्यासाठी दुसऱ्याची नजर हवी.

हैदराबादचे दारुल तर्जुमा

ही दुसरी नजर आपल्या शहराला नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी याच हैदराबादेत भाषांतराचा एक मोठा कारखाना चालत होता असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण द्यावयाचे, आणि ती भाषा उर्दू, असे ठरले. परंतु उर्दूत रसायन, गणित, इतिहास, तत्त्वज्ञान, कायदा यांची पदवीपातळीची पाठ्यपुस्तके कोठे होती? ती तयार करण्यासाठी विद्यापीठाच्या आधीच, 1917 साली, 'दारुल तर्जुमा' म्हणजे भाषांतर विभाग सुरू करण्यात आला. मौलवी अब्दुल हक हे त्याचे पहिले प्रमुख. पुढच्या तीसेक वर्षांत तेथे शेकडो पुस्तकांची भाषांतरे झाली.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती तेथील कामाची रीत. एकाने भाषांतर केले आणि छापखान्यात दिले असे तेथे होत नसे. पारिभाषिक शब्द ठरवण्यासाठी समित्या होत्या आणि त्यांत विषयाचे जाणकार व भाषेचे पंडित एकत्र बसत. भाषांतर झाल्यावर भाषेच्या अंगाने ते पाहणारा स्वतंत्र अधिकारी असे, त्याला 'नाझिर-ए-अदबी' म्हणत. प्रसिद्ध कवी जोश मलीहाबादी यांनी काही वर्षे हे काम केले. 'उमराव जान अदा' या कादंबरीचे लेखक मिर्झा हादी रुसवा यांनीही या विभागात भाषांतरे केली. इंग्रज कवी ग्रे याच्या प्रसिद्ध विलापिकेचे 'गोर-ए-गरीबाँ' या नावाने उर्दू रूपांतर करणारे नज्म तबातबाई हेही तेथे होते. एवढी मोठी माणसे, पण त्यांचेही लिखाण दुसऱ्याच्या नजरेखालून जात होते. मोठेपणाला त्यामुळे बाध आला नाही.

शब्द कसे बनवावेत यावर तेथे मोठा वाद झाला. एका पक्षाचे म्हणणे, शास्त्रीय शब्द अरबीवरूनच घडवावेत. उस्मानियातील उर्दूचे प्राध्यापक वहीदुद्दीन सलीम यांचे म्हणणे वेगळे होते. उर्दूची घडण ज्या मातीतली आहे त्या मातीच्या नियमाने शब्द बनवावेत, असे ते सांगत. 1921 साली त्यांनी 'वज़-ए-इस्तिलाहात' म्हणजे परिभाषेची घडण या विषयावर ग्रंथच लिहिला. 'बर्क़' म्हणजे वीज हा अरबी शब्द. त्याला घरचा प्रत्यय लावून 'बर्क़ाना', म्हणजे वीजभारित करणे, असे क्रियापद करायला काय हरकत आहे, असा त्यांचा विचार. भाषांतर करणाऱ्या प्रत्येकापुढे हा प्रश्न आजही उभा राहतो.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हैदराबाद संस्थानातील सोळा जिल्ह्यांपैकी आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कन्नड भाषेचे होते. त्या बहुसंख्य मुलांना उर्दूही परकीच होती. मराठी शिक्षणासाठी केशवराव कोरटकरांसारख्यांना खाजगी प्रयत्नांतून जामबागेतील विवेकवर्धिनीसारख्या संस्था वाढवाव्या लागल्या. 1948 नंतर उस्मानियात उर्दूच्या जागी इंग्रजी माध्यम आले आणि कष्टाने घडवलेले ते शब्द येथील वर्गांतून गेले. शब्द कोशात ठेवून टिकत नाहीत, ते कोणीतरी रोज वापरावे लागतात.

जमाखर्चाचे शब्द

मराठीत याचा सर्वांत जुना दाखला शिवकालीन 'राज्यव्यवहारकोशा'चा. रघुनाथ पंडितांनी फारसी व दखनी राजकीय शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले. त्या काळात अष्टप्रधानांची नावेही बदलली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला, सरनौबताचा सेनापती झाला. यांतील सचिव आणि सेनापती आजही चालू आहेत. पण पेशव्याला 'मुख्य प्रधान' म्हटले तरी लोकांच्या तोंडी 'पेशवा'च राहिला. आणि 'जमा', 'खर्च', 'शिल्लक', 'रक्कम', 'हिशेब' हे फारसी-अरबीतून आलेले शब्द तर आजही प्रत्येक दुकानाच्या वहीत आहेत.

वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी यातून शिकण्यासारखे आहे. इंग्रजी पाठ्यपुस्तकातील संज्ञा मराठीत आणताना आपण एकदम संस्कृत शब्द जुळवायला बसतो. वास्तविक आपल्या पेढ्यांवर आणि वह्यांत शब्द तयार आहेत. जर्नलला रोजकीर्द, लेजरला खातेवही, डेबिट-क्रेडिटला नावे-जमा, बॅलन्स शीटला ताळेबंद, डेप्रिसिएशनला घसारा, रिझर्व्हला गंगाजळी. 'घसारा' ऐकल्याबरोबर वापरून झिजणारे यंत्र डोळ्यांपुढे येते. 'मूल्यऱ्हास' म्हटले तर अर्थ चुकत नाही, पण दुकानदार एक क्षण थांबतो. म्हणून नवा शब्द घडवण्याआधी तो धंदा करणाऱ्या चार माणसांना विचारावे, हा नियम मी आता पाळते.

शेजारच्या भाषांचे चकवे

अनोळखी शब्दापेक्षा ओळखीचा शब्द अधिक घातक ठरतो. अनोळखी शब्दासाठी आपण कोश उघडतो. ओळखीचा शब्द तसाच उचलतो. माझी 'सेव्हरली'ची चूक याच जातीची. मराठी, कन्नड, तेलुगू आणि हिंदी यांत संस्कृत शब्द समान असल्यामुळे असे चकवे पदोपदी आहेत.

'उद्योग' म्हणजे मराठीत कारखानदारी किंवा कामधंदा. कन्नडात आणि तेलुगूत नोकरी. 'अवकाश' म्हणजे मराठीत वेळ किंवा मोकळी जागा, हिंदीत रजा, तर कन्नडात आणि तेलुगूत संधी. 'उपन्यास' हिंदीत कादंबरी आहे, कन्नडात व्याख्यान. 'प्रपंच' मराठीत घरसंसार. कन्नडात आणि तेलुगूत सारे जग. (एका अर्थी दोन्ही खरेच!) आणि या लेखाच्या शीर्षकातला 'व्यवसाय' हा शब्द तेलुगूत शेतीसाठी आहे, कन्नडातही शेतीच्या अर्थाने सर्रास चालतो. एखाद्या अर्जातील 'व्यवसाय' या रकान्यात मराठी व्यापारी 'कापड' लिहील आणि तेलुगू कारकून कापसाची शेती समजेल, हे अशक्य नाही.

असे चकवे ओलांडून ज्यांनी मोठे काम केले ती माणसेही आपल्याच प्रदेशातली. सेतुमाधवराव पगडी हे हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेतले अधिकारी. मराठी, उर्दू, फारसी, इंग्रजी, तेलुगू यांबरोबर त्यांनी गोंडीसारखी भाषाही आत्मसात केली आणि मोगल दरबारच्या फारसी बातमीपत्रांसारखी साधने मराठीत आणली. ती भाषांतरे विश्वसनीय वाटतात, कारण फारसीबरोबरच त्या काळातील राज्यकारभार आणि महसूल यांची त्यांना माहिती होती. पी. व्ही. नरसिंह राव यांना आपण पंतप्रधान म्हणून ओळखतो. पण विश्वनाथ सत्यनारायण यांच्या 'वेयिपडगलु' या तेलुगू कादंबरीचा 'सहस्रफण' हा हिंदी अनुवाद आणि हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो' या मराठी कादंबरीचा तेलुगू अनुवाद त्यांचाच.

जपानीचे उदाहरण

भाषांतर हा चरितार्थाचा व्यवसाय होऊ शकतो का, असे कोणी विचारील तर पुण्याकडे बोट दाखवता येईल. तेथे रानडे इन्स्टिट्यूटमध्ये व इतरत्र जपानी शिकून अनेक मराठी मुले-मुली जपानी कंपन्यांसाठी आणि संगणक क्षेत्रासाठी जपानी-इंग्रजी भाषांतर करतात. आपल्या शहरातही तार्नाक्याजवळच्या इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठात जपानी शिकवली जाते.

मराठी माणसाला जपानीची वाक्यरचना इंग्रजीपेक्षा जवळची वाटते. क्रियापद शेवटी येते, नामाच्या मागून प्रत्ययासारखे शब्द लागतात आणि समोरच्याचा मान पाहून क्रियापदाचे रूप बदलते. पण अडचणीही तशाच. जपानी वाक्यात कर्ता पुष्कळदा सांगितलेलाच नसतो आणि एकवचन-अनेकवचन नामावरून सहसा कळत नाही. इंग्रजीत मात्र 'मी' की 'आम्ही', 'एक यंत्र' की 'अनेक यंत्रे', हे लिहावेच लागते. तेव्हा भाषांतरकाराला मागचापुढचा संदर्भ शोधावा लागतो आणि तरीही कळले नाही तर मूळ लिहिणाऱ्याला विचारावे लागते. विचारण्यात कमीपणा मानणारा या व्यवसायात टिकत नाही.

शब्दार्थ बरोबर असूनही अर्थ कसा निसटतो, याचे जपानी व्यापारातले एक उदाहरण नेहमी देतात. 'केंतो शिमासु' याचा शब्दशः अर्थ 'आम्ही विचार करू' असा आहे. इंग्रजी वाचणारा व्यापारी यावरून आशेवर राहतो. प्रत्यक्षात तो बहुधा सभ्य नकार असतो. आपल्याला हे समजायला जड नाही. उसने पैसे मागितल्यावर समोरचा "बघू" म्हणाला तर आपण काय समजायचे ते समजतो! मात्र भाषांतरकाराने स्वतःच 'नकार' असे लिहून टाकणे हेही चूकच. मूळ शब्दांचे भाषांतर द्यावे आणि अशा बोलण्याचा रिवाज काय आहे ते वेगळ्या टिपेत कळवावे. निर्णय ज्याचा त्याने करावा.

आजची रीत

भाषांतर सेवांसाठी 2015 साली 'आय.एस.ओ. 17100' हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. त्यात एक अट अशी आहे की प्रत्येक भाषांतर, भाषांतर करणाऱ्याखेरीज दुसऱ्या व्यक्तीने मुळाशी ताडून तपासले पाहिजे. हे वाचताना मला नाझिर-ए-अदबींची आठवण झाली. हल्ली मोबाईलमधील यंत्रेही क्षणात भाषांतर करून देतात आणि वाक्ये सफाईदार असतात. पण सफाईदार वाक्यातली चूक अडखळत लिहिलेल्या वाक्यातल्या चुकीपेक्षा लवकर निसटते. म्हणून तपासणाऱ्याचे काम यंत्रामुळे कमी न होता वाढलेच आहे.

विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल अशी माझी आताची रीत थोडक्यात सांगते.

1. कागद हातात आल्यावर प्रथम विचारावे : हा कोण वाचणार आणि वाचून काय करणार? सही करणार, पैसे देणार की केवळ माहिती घेणार?

2. संपूर्ण मजकूर एकदा वाचल्याशिवाय लेखणी उचलू नये. संज्ञांची यादी आधी करावी आणि एका संज्ञेला शेवटपर्यंत एकच शब्द ठेवावा.

3. एकही शब्द सोडू नये. 'हा निरर्थक दिसतो' असे वाटले तर तोच शब्द प्रथम शोधावा. आकडे, तारखा, 'नाही', 'किंवा' आणि 'परंतु' शेवटी स्वतंत्रपणे ताडून पाहावेत.

4. कायद्याची संज्ञा द्यावी आणि तिच्याखाली साधा अर्थही द्यावा. 'संयुक्तपणे व पृथक्पणे' हा शब्दप्रयोग अचूक आहे, पण तो वाचून मामांना काही कळले नसते.

5. एक रात्र मध्ये जाऊ द्यावी आणि मग दुसऱ्याकडून तपासून घ्यावे. एकाने मूळ मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने भाषांतर पाहावे. तपासणारा विषय जाणणारा असावा. आपल्या महाविद्यालयात मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा जाणणारे विद्यार्थी आहेत. परस्परांचे कागद तपासण्याची सवय आपण येथेच लावून घेऊ शकतो.

आता मामांच्या कागदाचे काय झाले ते सांगून लेख संपवते. सरांच्या घरून परतल्यावर मी ते वाक्य पुन्हा लिहिले : 'कर्ज फिटले नाही तर तिघांपैकी कोणाही एकाकडून व्याजासह पूर्ण रक्कम मागता येईल.' मामांनी ते दोनदा वाचले. मला वाटले होते ते रागावतील. ते एवढेच म्हणाले, "सकाळी दोन लाख होते, संध्याकाळी सहा झाले. कागद तोच आहे ना गं?" मला उत्तर देता आले नाही. त्यांनी जामिनावर सही केली नाही. मित्राच्या घरी जाऊन त्यांनी आपल्या ऐपतीप्रमाणे पन्नास हजार रुपये हातउसने दिले आणि कारण स्पष्ट सांगितले. मैत्री राहिली.

माझे ते पहिले भाषांतर मी फाडले नाही. ते व्यापारी कायद्याच्या वहीत, कलम 128 च्या पानावर चिकटवून ठेवले आहे. हल्ली मामांचा कोणताही कागद आला की पाकिटावर त्यांच्या हातची एक ओळ असते : 'सरांना दाखवून पाठव.'